पहिल्या हर्डलपर्यंतच्या आठ स्टेप्स

पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, सुरुवातीच्या रेषेपासून पहिला हर्डल १३.७२ मीटरवर असतो. महिलांच्या १०० मीटर हर्डल्समध्ये हे अंतर बरोबर १३ मीटर असतं. त्यापुढे पुरुषांना दर ९.१४ मीटरवर आणि महिलांना दर ८.५० मीटरवर पुढचा हर्डल भेटतो, असे एकूण दहा. दोन हर्डल्सच्या मध्ये धावायला मिळतात फक्त तीन स्टेप्स. तीन स्टेप्समध्ये वेग टिकवता येतो, थोडा वाढवताही येतो; पण पहिल्या हर्डलवर गमावलेला वेग आणि तोल भरून काढायला त्या पुरत नाहीत. म्हणून पहिला हर्डल बिघडला की बहुतेक वेळा दुसरा आणि तिसराही बिघडतो.

पहिल्या हर्डलची चूक दिसते हर्डलवर, पण ती झालेली असते ब्लॉकमधून, म्हणजे स्टार्टला पाय टेकवायच्या चौकटीतून, निघाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन स्टेप्समध्ये. कोच हर्डलपाशी उभे राहून ‘गुडघा वर घे’, ‘पुढे झुक’ असं सांगत राहतात आणि खेळाडू तसं करूनही सुधारत नाही, त्यामागचं कारण हेच असतं. चुकीच्या जागेवरून उडालेल्या माणसाला हवेत काहीही सांगून उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. या लेखात ‘स्टेप’ म्हणजे धावतानाची एक टांग, आणि ‘पाऊल’ म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं माप. दोन्हींची गल्लत झाली तर मापं चुकतील.

कोणता पाय कुठे

बहुतेक खेळाडू पहिल्या हर्डलपर्यंत आठ स्टेप्स घेतात. ब्लॉकमधून पहिली स्टेप मागच्या पायाची पडते, दुसरी पुढच्या पायाची. या हिशेबाने आठवी स्टेप पुढच्या पेडलवरच्या (ब्लॉकच्या तिरप्या पट्टीवरच्या) पायाची येते, आणि त्याच पायावरून उडायचं असतं. म्हणजे आठ स्टेप्स घेणाऱ्याने टेक-ऑफचा पाय पुढच्या पेडलवर ठेवायचा. हर्डलवरून आधी जाणारा पाय, म्हणजे लीड लेग, मागच्या पेडलवर येतो.

नवशिक्यांच्या बाबतीत इथेच अडतं. साध्या १०० मीटरच्या स्टार्टला त्यांना डावा पाय पुढे ठेवायची सवय असते आणि हर्डलवर मात्र डावाच पाय लीड म्हणून सोयीचा वाटतो. दोन्ही जमत नाही. अशा वेळी लीड लेगची सवय राखावी आणि ब्लॉकमधले पाय बदलावेत. ब्लॉकमधली अदलाबदल काही आठवड्यांत अंगवळणी पडते. हर्डलवरचा पाय बदलणं त्याहून कितीतरी अवघड, कारण त्यात कमरेची लवचिकता, ट्रेल लेगची, म्हणजे मागून येणाऱ्या पायाची, फिरकी आणि हातांची हालचाल असं सगळंच उलटं शिकावं लागतं.

लीड लेग कोणता हे ठाऊक नसेल तर गुडघ्याएवढ्या उंचीच्या तीन-चार अडथळ्यांवरून काही न सांगता धावायला लावा. मनात विचार नसताना जो पाय पुढे जातो, तो लीड.

ब्लॉक लावताना

सुरुवात करण्यासाठी एक सर्वसाधारण माप पुरेसं आहे: रेषेपासून पुढचं पेडल दोन पावलं मागे, आणि त्यापासून मागचं पेडल आणखी एक पाऊल मागे. स्टार्टरने ‘सेट’ म्हटल्यावर पुढच्या गुडघ्याचा कोन साधारण ९० अंश आणि मागच्याचा १२० ते १३० अंश यायला हवा. कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर. टाचा पेडलवर घट्ट दाबलेल्या, म्हणजे गन वाजताच ढकलायला आधार तयार असतो. टाच आणि पेडल यांच्यात पोकळी असेल तर आधी ती भरण्यात वेळ जातो. हात खांद्यांच्या रुंदीइतके किंवा किंचित जास्त रुंद, बोटं रेषेच्या मागे.

साध्या स्प्रिंटपेक्षा हर्डलरने ‘सेट’मध्ये कंबर किंचित उंच ठेवली तर बरं पडतं. १०० मीटर धावणारा खेळाडू २५-३० मीटरपर्यंत सावकाश सरळ होत जातो. हर्डलरकडे तेवढी जागा नसते. सहाव्या स्टेपपर्यंत, म्हणजे साधारण आठव्या मीटरला, त्याला जवळपास ताठ व्हावं लागतं. फार खालून निघालं की हे उठणं घाईघाईत होतं आणि शरीर झटक्यासरशी वर येतं. तो झटका पुढच्या वेगातून वजा होतो.

ब्लॉकची मापं दोन प्रकारे लिहून ठेवा: कितव्या खाचेत पेडल आहे ते, आणि रेषेपासून किती सेंटिमीटर ते. दुसऱ्या मैदानावर दुसऱ्या कंपनीचे ब्लॉक मिळतात, त्यांच्या खाचांमधलं अंतर वेगळं असतं आणि खाचेचा आकडा तिथे उपयोगाचा राहत नाही. पेडल किती उभं आहे हेही नोंदवा. आठ स्टेप्सच्या मोजमापात ब्लॉकची जागा हा एकमेव असा आकडा आहे जो खेळाडूच्या पूर्ण हातात असतो.

आठ स्टेप्सचा हिशेब

पुरुष खेळाडूने हर्डलच्या २ मीटर आधी उडावं, असं धरू. मग रेषेपासून टेक-ऑफच्या जागेपर्यंत साधारण ११.७० मीटर उरतात. हे अंतर आठ स्टेप्समध्ये कसं वाटलं जातं, त्याचा एक नमुना असा: ०.६०, १.१०, १.३५, १.५०, १.६५, १.८०, १.९० आणि शेवटची १.८० मीटर. महिलांसाठी, हर्डलच्या १.९५ मीटर आधी उडायचं धरून: ०.५८, १.०२, १.२७, १.४२, १.५६, १.६८, १.८० आणि शेवटची १.७२.

हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. उंची, पायांची ताकद, वय यांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे येतील. पाहायच्या त्या दोन गोष्टी. पहिली, प्रत्येक स्टेप आधीच्यापेक्षा लांब होत जाते, पण वाढ हळूहळू कमी होत जाते. मध्येच एखादी उडी मारल्यासारखी लांब स्टेप येत नाही. दुसरी, सातवी सर्वांत लांब असते आणि आठवी तिच्याहून ८-१० सेंटिमीटरने आखूड. ही आखूड स्टेप का हवी ते पुढे सांगतो.

आता एक साधा गुणाकार करून पाहा. स्पर्धेत गन वाजली, अंगात जोश आला आणि प्रत्येक स्टेप नेहमीपेक्षा फक्त ३ सेंटिमीटर लांब पडली. ३ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं. खेळाडूला ते जाणवणारही नाही. पण आठ स्टेप्समध्ये त्याचे २४ सेंटिमीटर होतात, जवळजवळ एक पाऊल. दोन मीटरवरून उडायचं ते आता १.७६ वरून उडावं लागणार. सरावात छान जाणारा खेळाडू स्पर्धेत पहिल्याच हर्डलला गुडघा आपटतो, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. तो बिचारा वाईट धावलेला नसतो, उलट जास्त जोरात धावलेला असतो.

आणि हा सगळा हिशेब पहिल्या स्टेपवर टेकलेला असतो. पहिली स्टेप रेषेच्या पुढे अर्धा ते पाऊण मीटर पडते, आणि ती पडताना पाय शरीराच्या पुढे नव्हे, तर कंबरेच्या खाली किंवा किंचित मागे पडायला हवा. पाय पुढे फेकला की ब्रेक लागतो. मग दुसरी स्टेप त्या ब्रेकची भरपाई करायला ओढून लांब घेतली जाते, तिसरी त्यामुळे आखूड पडते, आणि चौथ्या स्टेपपर्यंत चाल विस्कटलेली असते. त्यानंतर खेळाडू समोर हर्डल पाहतो, अंदाज चुकल्याचं त्याच्या लक्षात येतं आणि तो उरलेल्या स्टेप्स जुळवायला लागतो. जुळवाजुळव सुरू झाली की वेग वाढणं थांबतं.

मागचा पाय पेडलवरून सुटताना जमिनीलगत, थेट पुढे यावा. गुडघा पुढे खेचायचा, टाच मागे वर उचलायची नाही. हातांची पहिली हालचाल मोठी असू द्या: एक हात कपाळाच्या रेषेपर्यंत पुढे, दुसरा कोपर जोरात मागे. हात आखडले की पहिली स्टेप आखूड पडते, आणि मग बाकीच्या सात स्टेप्सवर तो भार येतो.

नजर आणि पाठ

पहिल्या तीन स्टेप्सपर्यंत नजर समोरच्या ट्रॅकवर, दोन-तीन मीटर पुढे असते. हर्डलकडे पाहायचं नाही. चौथ्या-पाचव्या स्टेपला डोकं पाठीबरोबरच वर येतं आणि नजर हर्डलच्या फळीच्या वरच्या कडेवर जाते. मान स्वतंत्रपणे उचलायची नाही. हर्डलची भीती असलेला खेळाडू दुसऱ्याच स्टेपला मान वर काढून पाहतो की तो आला का. मान आली की छाती येते, छाती आली की कंबर मागे पडते आणि ढकलण्याचा कोन जातो. भीती हे खरं कारण असेल तर मानेबद्दल कितीही सांगून फायदा नाही. हर्डलची उंची कमी करा, मान आपोआप खाली राहील.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी हर्डलची उंची ९१.४ सेंटिमीटर, २० वर्षांखालच्यांसाठी ९९.१ आणि मोठ्या पुरुषांसाठी १०६.७ सेंटिमीटर असते. अंतरं मात्र तिन्ही गटांत तीच. महिलांसाठी उंची ८३.८ सेंटिमीटर, आणि १८ वर्षांखालच्या मुलींसाठी ७६.२. वयोगट बदलताना स्टेप्स बदलत नाहीत, टेक-ऑफची तयारी बदलते. उंच हर्डलसाठी थोडं दुरून उडावं लागतं, कारण पाय वर जायला वेळ लागतो आणि तो वेळ अंतराच्या रूपाने मिळतो. एका गटातून दुसऱ्या गटात गेलेली मुलं पहिल्या हर्डलवर अडखळतात ती यामुळेच: ताकद वाढलेली, स्टेप्स लांबलेल्या, म्हणजे ती हर्डलच्या अधिक जवळ पोहोचतात, आणि नेमकी आता दूरून उडायची गरज वाढलेली असते.

शेवटच्या तीन स्टेप्स

सहावी, सातवी आणि आठवी या तीन स्टेप्सची लय वेगवान व्हायला हवी. कानांनी ऐकायचं तर सुरुवातीच्या स्टेप्स जड, ढकलणाऱ्या असतात आणि शेवटच्या तीन ‘टप-टप-टप’ अशा जवळजवळ येतात. कोचने एकदा हर्डलकडे पाठ करून नुसतं ऐकावं. ज्या खेळाडूच्या शेवटच्या दोन ठोक्यांत अंतर वाढतं, तो हर्डलसमोर ताणून स्टेप घेतो आहे. डोळ्यांना चुकवता येतं, कानांना नाही.

आठवी स्टेप आखूड का? उडताना पाय शरीराच्या फार पुढे पडला तर शरीराला आधी त्या पायावरून पुढे सरकावं लागतं, आणि त्यात वेग कमी होतो. आखूड आणि झटपट स्टेपमुळे पाय कंबरेच्या थोडासाच पुढे, चवड्यावर पडतो. कंबर उंच राहते आणि शरीर लगेच पायावरून पुढे जातं. सातव्या स्टेपला कंबर खाली बसली, म्हणजे उंच उडीची तयारी केल्यासारखं वाकलं, तर उडी वर जाते, पुढे नाही. हर्डल्समध्ये जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ वेग वाढवता येत नाही. अव्वल खेळाडू हवेत साधारण एक तृतीयांश सेकंदच असतात.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. टेक-ऑफच्या जागेवर खडूची पूड पातळ पसरा आणि खेळाडूला पूर्ण वेगात जाऊ द्या. नंतर ठसा पाहा. फक्त चवड्याचा ठसा, बोटांच्या बाजूला खोल गेलेला, असेल तर पाय बरोबर पडला. टाचेचा गोल ठसाही स्पष्ट उमटला असेल तर शेवटची स्टेप ताणलेली आहे. ठसा लांबट आणि पुसल्यासारखा असेल तर पाय पुढे घसरला, म्हणजे ब्रेक लागला. चार-पाच वेळा असं केलं की ठशांचा एक घोळका तयार होतो. तो घोळका एका पावलाच्या आत मावत असेल तर पोहोचण्यात सातत्य आहे. तीन पावलं पसरलेला असेल तर हर्डलवरचं तंत्र बाजूला ठेवून पहिल्या तीन स्टेप्सकडे परत जावं.

उडताना लीड लेगचा गुडघा आधी जातो, पाय नाही. टाच मांडीखाली दुमडलेली, पंजा वर ओढलेला, आणि गुडघा थेट फळीच्या दिशेने. सरळ पाय वर फेकला तर तो लंबकासारखा सावकाश जातो. दुमडलेला पाय पटकन वर येतो. गुडघा वर आला की मग खालचा पाय उलगडतो. त्याच वेळी विरुद्ध बाजूचा हात लीड लेगच्या दिशेने पुढे जातो आणि छाती कंबरेपासून पुढे झुकते. फळीवरून जाताना शरीर उतरायला लागलेलं असावं, म्हणजे उडीचा सर्वांत उंच बिंदू फळीच्या आधीच येऊन गेलेला असावा. त्यासाठीच दूरून उडायचं. पुरुषांच्या हर्डलवरच्या स्टेपची एकूण लांबी साधारण ३.४० ते ३.६० मीटर असते, त्यातले २ मीटरच्या आसपास हर्डलच्या आधी आणि सव्वा ते दीड मीटर हर्डलच्या पुढे. महिलांची ही स्टेप तीन मीटरच्या आसपास असते आणि हर्डल ठेंगणा असल्यामुळे ती बरीचशी धावण्यासारखीच दिसते.

जवळ पोहोचणं, लांब राहणं

हर्डलच्या फार जवळ पोहोचलेला खेळाडू वर उडतो, लीड लेगचा गुडघा वाकवून बाजूने काढतो किंवा फळीला आपटतो, आणि उतरल्यावर कंबर मागे राहिल्यामुळे पुढची पहिली स्टेप लांबच जात नाही. फार लांबून उडालेला खेळाडू तरंगतो, खाली येताना टाच किंवा ट्रेल लेगचा गुडघा फळीला लागतो, आणि उतरताना पाय शरीराच्या पुढे पडतो. दोन्ही वेळा कोचला एकच दिसतं: हर्डल पडला. पण उपाय उलटसुलट आहेत.

जवळ पोहोचत असाल तर आधी व्हिडिओत पहिल्या दोन स्टेप्स पाहा. त्या उड्या मारल्यासारख्या लांब आहेत का? असतील तर त्या दुरुस्त करा, कारण उडी मारलेल्या स्टेपमध्ये पाय हवेत राहतो आणि ढकलणं अपुरं पडतं. स्टेप्स चांगल्या आहेत, खेळाडूची ताकदच वाढली आहे, असं असेल तर ब्लॉक ३ ते ५ सेंटिमीटर मागे सरकवा. तरी जागा पुरत नसेल तर आणखी तेवढाच. एकदम दहा-पंधरा सेंटिमीटर सरकवलं तर रेषेपाशी हात आणि पायांतलं अंतर बदलतं आणि ‘सेट’चे कोन बिघडतात.

लांब राहत असाल तर शेवटच्या दोन स्टेप्स ताणून भरपाई करायचा मोह होतो. तो टाळावा. ब्लॉक थोडे पुढे घेता येतात, पण त्याला मर्यादा आहे. खरी उणीव बहुधा पहिल्या चार स्टेप्समधल्या ढकलण्याची, म्हणजे पायांच्या ताकदीची असते. शाळकरी आणि नवख्या खेळाडूंसाठी पहिला हर्डल सरळ १२ ते १२.५० मीटरवर आणा, आठ स्टेप्सची लय पक्की होऊ द्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी १५-२० सेंटिमीटरने लांब न्या. हर्डल जवळ आणण्यात कमीपणा नाही. लय मोडून पूर्ण अंतरावर झगडणं हाच खरा तोटा, कारण तेव्हा शरीर शिकतं ते ताणणं.

वाऱ्याचा परिणाम पहिल्या हर्डलपर्यंत कमी असतो. मागून वारा असला तरी वेग अजून वाढायचाच असतो, त्यामुळे फरक काही सेंटिमीटरचा. पुढच्या हर्डल्सवर मात्र तो वाढत जातो.

सराव कसा लावायचा

पहिली पायरी हर्डलशिवाय. ब्लॉकमधून निघा, आठ स्टेप्स मोजा, टेक-ऑफच्या खुणेवरून सरळ धावत पुढे जा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या स्टेपच्या जागी ट्रॅकच्या कडेला चिकटपट्टी लावा. स्टेप्स मोजताना आठपर्यंत मोजण्याची गरज नाही. टेक-ऑफच्या पायाचे ठोके तेवढे मोजायचे, म्हणजे ‘एक, दोन, तीन, चार’ आणि चौथ्याला उडी. खेळाडूला धावताना एवढंच डोक्यात ठेवता येतं. खुणांवर पाय मुद्दाम टाकायचा नाही. खुणा कोचसाठी आहेत, खेळाडूने त्यांच्याकडे पाहिलं तर मान खालीच राहील.

कोचच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी खूण चौथ्या स्टेपची. पुरुषांच्या नमुन्यात ती रेषेपासून साधारण ४.५५ मीटरवर येते, महिलांच्या साधारण ४.२९ वर. चौथी स्टेप रोज त्याच जागी पडत असेल आणि टेक-ऑफ मात्र इकडेतिकडे होत असेल, तर दोष शेवटच्या चार स्टेप्समध्ये आहे, बहुधा भीतीचा. चौथीच भरकटत असेल तर दोष स्टार्टमध्ये. एवढ्या एका खुणेने निम्मा गोंधळ मिटतो.

मग हर्डल ठेवा, पण स्पर्धेपेक्षा कमी उंचीचा. मोठ्या पुरुषांसाठी ९१.४, महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर. लय बिघडत नाही असं दिसलं की उंची वाढवा. फक्त पहिला हर्डल करून थांबायची सवय लावू नका. उतरल्यावर किमान तीन स्टेप्स पूर्ण जोराने धावायच्या, नाहीतर खेळाडू हर्डलवरच ‘संपवतो’ आणि उतरताना टाचेवर बसतो. आठवड्यातून दोन दिवस असा सराव पुरतो. अर्धा तास वॉर्म-अप, मग हर्डलशिवाय तीन-चार स्टार्ट, पहिल्या हर्डलवरून चार ते सहा, पहिल्या दोनवरून तीन, पहिल्या तीनवरून दोन. प्रत्येकानंतर तीन ते पाच मिनिटं विश्रांती. दमलेल्या पायांनी स्टार्टचा सराव करू नये. तेव्हा स्टेप्स आखूड पडतात आणि शरीर नेमकं तेच माप लक्षात ठेवतं.

हर्डल लावताना दिशा बघा. हर्डलचे पाय धावत येणाऱ्याच्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का लागला की फळी पुढे पडते. उलट बाजूने कधीही उडी घेऊ नका. तेव्हा हर्डल पडत नाही, पायात अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. उंची बदलली की खालची वजनंही त्या उंचीच्या खुणेवर सरकवा. फळीला साधारण ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की हर्डल पडावा, असा नियम आहे.

मोबाइलने व्हिडिओ काढताना तो ट्रॅकच्या बाजूला, रेषेपासून साधारण सात-आठ मीटर पुढे, ट्रॅकशी काटकोनात ठेवा आणि स्लो मोशन २४० फ्रेम्सवर लावा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद, त्यामुळे पाय जमिनीवर किती वेळ होता हे मोजता येतं. वेळ घ्यायची असेल तर पहिला हर्डल ओलांडून लीड लेग जमिनीला लागेपर्यंतची घ्या. जागतिक दर्जाचे पुरुष आणि महिला इथे अडीच सेकंदांच्या आसपास असतात. मात्र घड्याळ गनच्या आवाजावर सुरू केलं की खेळाडूच्या पहिल्या हालचालीवर, हे ठरवून कायम तसंच करा. दोन्हींमध्ये दीड-दोन दशांश सेकंदाचा फरक पडतो, आणि पद्धत मिसळली तर प्रगती झाली की घसरण हेच कळत नाही.

सात स्टेप्सचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत अव्वल पुरुष हर्डलर्समध्ये आठऐवजी सात स्टेप्स रूढ झाल्या. क्युबाच्या डेरॉन रोब्लेसने २००८ मध्ये १२.८७ सेकंदांचा विश्वविक्रम केला तो सात स्टेप्स घेऊन. त्याआधी २००६ मध्ये चीनच्या लिऊ शियांगने १२.८८ चा विक्रम आठ स्टेप्सवर केला होता. नंतर तोही सातवर गेला. अमेरिकेच्या एरिस मेरिटने २०१२ च्या मोसमाआधी आठचे सात केले, लंडनमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्सला १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला.

उंच आणि ताकदवान खेळाडूला आठ स्टेप्समध्ये जागा अपुरी पडते. मोकळेपणाने ढकललं तर तो हर्डलवर चढतो, म्हणून त्याला पाय आखडून धावावं लागतं. सात स्टेप्समध्ये तो पूर्ण जोर लावू शकतो. पण सरासरी स्टेप १.४६ मीटरवरून १.६५ मीटरच्या पुढे न्यावी लागते, तीही सुरुवातीच्या कमी वेगात. पायांत तेवढी ताकद नसेल तर सात स्टेप्स म्हणजे सात उड्या होतात, आणि हर्डलपाशी वेग आठपेक्षा कमीच असतो. शिवाय सातवी स्टेप मागच्या पेडलवरच्या पायाची येते, म्हणजे ब्लॉकमधले पाय बदलावे लागतात. हा बदल स्पर्धांच्या मोसमात करूच नये. त्याला एक पूर्ण सरावाचा मोसम द्यावा. ज्याला आठ स्टेप्समध्ये सहज आणि सातत्याने पोहोचता येतं, त्याने केवळ इतर घेतात म्हणून सात घेऊ नयेत. महिलांमध्ये आजही बहुतेक जणी आठच घेतात, आणि १३ मीटरसाठी ते योग्यच आहे.

स्पर्धेच्या दिवशी

ट्रॅकवर खुणा करायला किंवा वस्तू ठेवायला या शर्यतीत परवानगी नसते, त्यामुळे चिकटपट्ट्या सरावाच्या मैदानावरच राहतात. सोबत न्यायची ती मापपट्टी आणि लिहून ठेवलेली ब्लॉकची मापं. शर्यतीआधी ब्लॉक लावायला मिळतात तेव्हा पूर्ण जोराने पहिला हर्डल एकदा तरी घ्यावा, शक्य असेल तर दोनदा. अर्ध्या जोराने घेतलेल्या स्टार्टवरून काहीच कळत नाही, कारण स्टेप्सची लांबी जोरावर अवलंबून असते. गनच्या आधी निघायचा मोह आवरा: ०.१ सेकंदाच्या आत प्रतिक्रिया आली की फॉल्स स्टार्ट धरतात आणि पहिल्याच चुकीला बाद करतात. हर्डलरला त्या दोन-तीन शतांश सेकंदांतून मिळण्यासारखं फारसं नसतं, आणि उतावीळपणे निघालेल्याची पहिली स्टेप जवळजवळ नेहमी बिघडते.

त्या चाचणीत हर्डल जवळ वाटला तर ब्लॉक ३ सेंटिमीटर मागे घ्या. दुसरी चाचणी नीट गेली तर तिथेच ठेवा. स्टेप्सना, हातांना, कंबरेच्या उंचीला त्या दिवशी हात लावायचा नाही.